कॅरिसाची सुरंगी

परळच्या आमच्या माती तपासणी प्रयोगशाळेत रूपर्ट मिरांडाइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता. गिरगावातला, पिढीजात मुंबईचा ख्रिस्ती. मी, कालिंदी, त्याच्या शेजारच्या टेबलावर. अर्धं आयुष्य आम्ही एकमेकांचं डोकं खाल्लं.

आमच्याकडे येते ती बहुतेक सह्याद्रीतली लाल माती, लाव्हारसाच्या खडकापासून झालेली. तिच्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असतो, पण मातीतलं लोह त्याला असं धरून बसतं की झाडाच्या तोंडी कण लागत नाही. रानातली झाडं तरी जगतात, कारण त्यांची मुळं आंबट रस सोडतात, मुळांवरची बुरशी मदतीला येते आणि दोघं मिळून स्फुरद सोडवून घेतात. हे सांगताना रूपर्टला चढायचं. ऐकणाऱ्याची जेवायची सुट्टी गेलीच म्हणायची.

त्याची एकुलती मुलगी कॅरिसा कॉलेजात असताना डेंग्यूने गेली. त्यांच्या दफनभूमीत जागा अपुरी, म्हणून तिथे कबर कायमची मिळत नाही. काही वर्षांनी उघडतात, हाडं पेटीत भरून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. रूपर्टची बायको ओल्गा त्या दिवसाच्या आशेवर जगत होती. तिची आई अशाच एका कोनाड्यात होती. "कॅरिसा मम्माच्या बाजूला येईल, मग मी," असं ती भाजी निवडता निवडता सांगायची.

रूपर्टला एवढी वाट पाहवेना. त्याने कबरीच्या उशाला सुरंगीचं रोप लावलं. लग्नाकार्यात कॅरिसा सुरंगीचा वळेसर माळायची. कबरी खोदणाऱ्या कोंडीरामने डोळेझाक केली. पण तिथली माती घाटावरून आणून भरलेली लाल माती. रोप खुरटलं, पानं जांभळट पडली. रूपर्टने सुपर फॉस्फेट घातलं, तेही मातीने गिळलं.

"रानातली चार मुठी माती आणून टाक, बुरशी येईल," मी म्हटलं. पण ह्याला धीर कुठला!

"मुळं आंबट सोडतात ना? याची मुळं बारकी हायत. मग मी सोडतो."

दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की हा ओल्गाच्या बरणीतला सिरका पाण्यात मिसळून कबरीवर ओतायचा. सिरका पुरेना तेव्हा भायखळ्याच्या बाजारातून सायट्रिक ॲसिडची पाकिटं आणायला लागला. असलं खूळ मातीच्या प्रयोगशाळेतल्या माणसालाच सुचावं. आणि झाड खरंच उठलं. पानं हिरवीगार झाली. रूपर्ट पुन्हा हसायला लागला.

मग कबर उघडायचा दिवस आला. ओल्गाने हाडांच्या पेटीला आतून कॅरिसाच्या कम्युनियनच्या फ्रॉकचं कापड शिवलं होतं. मी तिच्या शेजारी उभी होते. कोंडीरामला शवपेटीच्या कड्या मिळाल्या, रोझरीचा क्रूस मिळाला, थोडे दात मिळाले. बाकी सगळी मुळं.

"अजून खाली बघ," ओल्गा म्हणाली.

"बाय, खाली खडक लागला."

मी रूपर्टकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हाड म्हणजे दुसरं काय असतं? चुना आणि स्फुरद, आंबटात विरघळणारा.

दुसऱ्या दिवशी तो खड्ड्याच्या तळाची माती रुमालात बांधून कामावर आला. मी नको नको म्हणत असताना त्याने ती तपासायला घेतली. आमच्या तपासणीत स्फुरद असेल तर पाणी निळं होतं. ते इतकं गडद निळं झालं की काचेच्या नळीच्या पलीकडची खिडकी दिसेना. काम झालं की नळी बेसिनमध्ये रिकामी करायची असते. तो ती हातात धरून रडला.

"अरे, लाल माती हाडं खातेच. तुझ्या दोन बाटल्यांनी काय होतंय?" मी म्हटलं.

"बाजूच्या कबरीत सगळी मिळाली गो. माती तीच."

त्याने त्याच संध्याकाळी ओल्गाला सगळं सांगितलं. त्याच्या जागी मी असते तर तोंडावर बोट ठेवलं असतं. पण हा लपवणाऱ्यातला नव्हता.

आठवड्याने मी त्यांच्या घरी गेले. ओल्गाने चहा केला; मला दिला, स्वतः घेतला. रूपर्टपुढे कप नव्हता. पेटी कोनाड्यात ठेवली का, असं मी भीत भीत विचारलं.

"ठेवली. दात हायत त्यात. पोरगी कुठं हाय?" ती शांतपणे म्हणाली. "कोंडीराम झाड काढायला निघालेला. मी हात लावू दिला नाय. कालिंदी, तू ऐकून ठेव. मला भिंतीत नको. मी मेले की मला झाडाखाली पुरा. भिंतीत ह्याला ठेवा. पोरीजवळ ह्याला परत येऊ देऊ नका."

रूपर्ट खाली मान घालून बसला होता.

"चालेल," तो म्हणाला.