कप वाजवणाऱ्या आत्याचा सूर

माझी आत्या कपबशांच्या कारखान्यात तपासणीला होती. भट्टीतून निघालेला एकेक कप डाव्या तळहातावर ठेवायचा, लाकडी काडीने कडेला टिचकी मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर पेटीत, बद्द वाजला तर भंगारात. तीस वर्षं हेच. घरात कोणी झाकण जरा जोरात ठेवलं तरी तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या, म्हणून बाबा आपल्या या बहिणीला ‘कानसम्राज्ञी’ म्हणत.

अशा बाईला गावातल्या गायकवृंदात घेतलं, तेव्हा तिथल्या शिकलेल्या बायकांनी नाकं मुरडली. नोटेशन वाचता येत नाही, आवाज जाडाभरडा! वृंदाच्या मास्तरांनी तिला मागच्या रांगेत, खालच्या आवाजाच्या बायकांत उभं केलं आणि वर्षभर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या वर्षी त्यांनी गेल्या शतकातली, युद्धात मेलेल्यांसाठी रचलेली एक प्रार्थना बसवायला घेतली. महाकठीण प्रकरण. अठरा मिनिटं साथीला एकही वाद्य नाही. चाल जुन्या पठणासारखी सरळ, आणि तिला मुद्दाम घासत जाणारे नवे सूर. खालच्या आवाजाच्या बायकांनी एकच सूर धरून ठेवायचा, बाकीच्यांनी त्याभोवती फिरायचं. अगदी शेवटच्या शब्दावर ऑर्गन येतो. तिथे लबाडी चालत नाही. गाणारे तोवर सुरातून उतरले असतील, तर सगळ्या सभागृहाला कळतं.

आणि तालमीत ते रोज उतरायचे, चांगले अर्ध्या सुराने. शेवटी मास्तर वैतागले. “ऑर्गन गाळूनच टाकू.”

“गाळू नका,” मागून आत्या म्हणाली. “मी सूर सोडणार नाही.”

“तुम्ही एकट्या?”

“एकटी तर एकटी. चुकले तर उद्यापासून येणार नाही.”

मास्तरांनी ऑर्गन ठेवला.

कार्यक्रमात दहाव्या मिनिटाला वृंदातल्या पुरुषांचा सूर उतरला, मागोमाग सगळ्यांचाच. आत्या आपल्या सुरावरून हलली नाही. मग काय, सगळ्यांत तीच खटकायला लागली. मास्तरांनी डोळे वटारून गप्प राहायची खूण केली. पण गप्प बसेल ती आत्या कसली! श्रोत्यांत माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ कानाशी कुजबुजले, “ती मागची बाई बेसूर गातेय हो. कोण आहे?” मी मान खाली घातली. खरं सांगते, मला लाज वाटली.

तेवढ्यात आत्याच्या डावीकडच्या बाईने तिच्याकडे पाहिलं, नीट ऐकलं आणि आपला सूर वर घेतला. मग उजवीकडचीने. मग सगळ्या रांगेने. थोडा वेळ असा गोंधळ झाला की कान नकोसे झाले. पण हळूहळू एकेक आवाज तिच्यापाशी वर आला. मास्तरांचा हात क्षणभर हवेत अडला. मग तो खाली आला आणि ऑर्गन वाजला.

गाणाऱ्यांच्या आणि ऑर्गनच्या सुरात केसाएवढंही अंतर नव्हतं. अख्खं सभागृह त्या एका सुराने भरून गेलं.

शेजारच्या गृहस्थांनी आता काहीच विचारलं नव्हतं. तरी मी त्यांचा दंड घट्ट धरला आणि आजूबाजूच्यांच्या ‘श्श’ला न जुमानता मोठ्याने सांगितलं, “ती माझी आत्या आहे!”