गाणं गेलं स्वयंपाकघरात

केरळातल्या पट्टांबीजवळच्या सरकारी शाळेत पंकजाक्षी टीचर शिवण शिकवायला लागल्या, तेव्हा शाळेत संगणक नव्हता. पुढे लिनक्सवाले संगणक आले आणि प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं यावर चर्चा सुरू झाली. एकाची पाठ दुखायला लागली, दुसऱ्याच्या मेहुणीचं लग्न निघालं. शेवटी हेडमास्तर मोइदीन माष (तिकडे मास्तरांना माषच म्हणतात) म्हणाले, "शिलाई मशीन उघडून परत जोडता ना? मग हेही जमेल." टीचर गेल्या, आणि चक्क रमल्या. तेव्हापासून शाळेतला कुठलाही संगणक रुसला की हाक त्यांनाच.

एका वर्षी ओणमच्या कार्यक्रमासाठी त्यांनी एक बेत केला. शाळेत भात शिजवणाऱ्या कार्त्यायनीचेची, म्हणजे कार्त्यायनीताई, पातेलं ढवळताना भातलावणीची जुनी गाणी म्हणत. समोर येऊन गा म्हटलं तर, "चिखलात पाय नसले की मला सूर लागत नाही," म्हणून उडवून लावत. टीचरनी दाराआड उभं राहून त्यांचं एक गाणं गुपचूप रेकॉर्ड केलं आणि त्यावर सातवीच्या मुलींचा नाच बसवला.

ओणमच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. मुली सोनेरी काठांच्या कसवू साड्या सावरत गोल करून उभ्या राहिल्या. टीचरनी बटण दाबलं.

चिडीचूप.

आवाज पूर्ण वाढवला. कर्ण्यांच्या वायरी काढून परत खोचल्या. छे!

"टीचर, मीच गाऊ का?" मोइदीन माषनी विचारलं.

"नको माष, सणाचा दिवस आहे!"

पहिल्या रांगेत खसखस पिकली. माषही हसले.

टीचरना मात्र घाम फुटला होता. त्यांनी पडद्यावर आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली, तिथून आवाजाची यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली आणि गाणं परत लावलं. पडद्यावरची हिरवी पट्टी तालात नाचू लागली. म्हणजे गाणं वाजतंय! फाइल ठीक आहे, संगणकही ठीक आहे. मग आवाज जातोय कुठे?

तेवढ्यात मागच्या दारातून कार्त्यायनीचेची धावत आल्या. हातात पायसमच्या खिरीचा डाव, पदर खोचलेला.

"टीचर! माझ्या स्वयंपाकघरात कोण बसलंय? माझ्याच आवाजात गातंय!"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग कडेला उभ्या असलेल्या खेळाच्या जोबी माषनी कपाळावर हात मारला. काल तालीम संपल्यावर तिथे वापरलेला बिनतारी स्पीकर त्यांनीच पपडमच्या डब्याशेजारी ठेवला होता, आणि बंद करायचं विसरले होते. स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच. संगणकाने जुनी ओळख धरून सगळं गाणं तिकडे पोचवलं होतं.

टीचर इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी आवाज कुठून काढायचा त्याची यादी उघडली, बिनतारी स्पीकरवरची खूण काढून वायरीच्या कर्ण्यांवर केली आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

सभागृह दणाणलं. टाळ्यांचा ठेका धरत मुली फिरू लागल्या.

कार्त्यायनीचेची डाव हातात धरून जागीच खिळल्या. "चोरून घेतलंत होय?" त्या पुटपुटल्या. थोडा वेळ ऐकलं. "आणि हे मी गाते? अशी?"

"अशीच, चेची. रोज."

"मग आधी नाही का सांगायचं!"

दुसऱ्या कडव्यात एक शब्द त्यांनी रेकॉर्डिंगमध्ये गाळला होता. ती चूक त्यांना ऐकवेना. त्या सरळ मुलींच्या गोलात घुसल्या आणि खणखणीत आवाजात पूर्ण कडवं म्हणाल्या. मुली थबकल्या नाहीत, उलट त्यांच्याभोवती फिरू लागल्या. टीचरनी हळूच कर्ण्यांचा आवाज खाली आणत आणत बंद करून टाकला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पायसम तळाला जरा लागलं होतं. तरी जेवताना सगळ्यांनी दोनदा मागून घेतलं, आणि जोबी माषना, शिक्षा म्हणून, पातेलं घासायला बसवलं.