खिशातली साखर

साखरेची पुडी बांधली की मला अजून तो आठवतो. नाव कधी विचारलंच नाही बघा. परळच्या इस्पितळात रोज सकाळी रक्त घ्यायला यायचा.

संप फिसकटून दोनेक वर्षं झाली होती. ह्यांची गिरणी काही उघडली नाही, म्हणून हे चिंचपोकळीला एका कारखान्यात लागले. तिथे पायात पत्रा घुसला आणि जखमेतलं विष रक्तात भिनलं.

तो आला की आधी ह्यांचा गार हात आपल्या हातात धरून ऊब द्यायचा. “दादा, मुंगी चावतेय हां!” म्हणायचा. मग रक्ताची बाटली तळहातावर हळूच घोळवत मला आदल्या दिवशीचा आकडा सांगायचा. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वीस हजार, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून जास्त.

तिसऱ्या दिवशी त्या दोन हजारांवर आल्या. मला वाटलं, लढाई संपली. मी आपली खाटेखाटेवर साखर वाटत सुटले. त्याने मात्र ती खाल्ली नाही, कागदात बांधून खिशात ठेवली.

“वहिनी, तुम्ही गिरणगावातल्या ना? संपात गिरणीच्या गेटवरची गर्दी ओसरली तेव्हा काय आपण जिंकलो होतो? माणसं थकून गावाला गेली होती. चला, डॉक्टरांना आत्ताच सांगू.”

डॉक्टरांनी लगेच औषध बदललं. पुढचे तीन दिवस तो आकडा सांगायचा नाही, नुसता ह्यांचा हात जरा जास्त वेळ धरून बसायचा.

चौथ्या दिवशी म्हणाला, “सहा हजार, नेहमीएवढ्या. परतली माणसं.” आणि खिशातली पुडी सोडून त्याने साखर तोंडात टाकली.