गाळलेला रकाना

दुपारपासून कामात लक्ष लागत नाहीये, म्हणून तुमच्याशी बोलते.

गेलं वर्षभर मी टेमघरच्या घरात बसून एका वेधशाळेच्या वह्यांमधल्या जुन्या नोंदी टाइप करून ऑनलाइन आणतेय, हे तुम्हाला माहीत आहे. तारीख, ताऱ्याचं किंवा माणसाचं नाव टाकलं की त्या त्या रात्रीची निरीक्षणं समोर येतात. कुणालाही जमेल इतकं सोपं केलंय, याचा मला अभिमान होता.

आज शेजारच्या काकू आल्या. काका त्याच वेधशाळेत दुर्बीण चालवायचे. हे काम मला त्यांनीच सुचवलं होतं. गेल्या महिन्यात ते गेले.

"ह्यांचं नाव टाक ना बाय," काकू म्हणाल्या. "वर्सातून दोनदा घरी यायचे. बाकीच्या राती काय करायचे, बघू तरी."

मी नाव टाकलं. 'एकही नोंद सापडली नाही.'

वह्यांमध्ये शेवटचा रकाना दुर्बीण चालवणाऱ्याच्या सहीचा होता. स्क्रीनवरचं पान सुटसुटीत दिसावं म्हणून टाइप करताना मीच तो गाळला. शास्त्रज्ञांची नावं ठेवली. वाळवी लागलेल्या त्या वह्या नंतर रद्दीत गेल्या. "आता लागणार नाहीत," असं मीच वेधशाळेला कळवलं होतं.

काकूंनी ती ओळ वाचली. "म्हंजे घरी नव्हते, नि तिथंपन न्हाय?"

चहा न घेताच त्या उठल्या.

रकाना मी गाळला, हे मला त्यांना सांगता आलं नाही. उद्या सांगायला जाणार आहे. माझ्या जागी तुम्ही असतात तर सुरुवात कशी केली असती?