पोपटाच्या ठशासाठी

वहिनींना आमच्या गल्लीत सगळे वहिनीच म्हणत, वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. त्यांचा नवरा चामड्याच्या बॅगा करायचा. दुकानावर पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. बॅगेच्या झाकणाच्या आत, कोपऱ्यात, गोलात बसलेला एक पोपट उमटवलेला असे. त्यावरून दुकानाचं नाव पडलं पोपटवाल्यांचं दुकान. तो ठसा नवऱ्याने स्वतः पितळेवर कोरला होता आणि कोरताना चोच प्रमाणाबाहेर गेली होती. वहिनी म्हणायच्या, "हा पोपट कसला, घुबडाचा मेहुणा आहे." पण चेष्टेचा हक्क फक्त त्यांचा. दुसरं कुणी हसलं की त्यांचा पारा चढे.

भाऊ दोन. थोरला, म्हणजे वहिनींचा नवरा, मागच्या खोलीत काम करी, धाकटा पुढे बसून गिऱ्हाइकांशी बोले. ही वाटणी दोघांना सोयीची होती, कारण थोरल्याला बोलायचा कंटाळा आणि धाकट्याला कामाचा. एका सकाळी थोरला दाढी करता करता आरशासमोरच कोसळला आणि गेला. घरातली माणसांची ये-जा ओसरल्यावर वहिनी त्याची हत्यारं आणि ठसा आणायला दुकानात गेल्या.

हत्यारं दर्शनी काचेत होती. लाल मखमलीवर मांडून वर दिवा सोडलेला. मागच्या खोलीत कारखान्यातून आलेल्या बॅगांचा ढीग होता. आत पुठ्ठा, वर चामड्याचा पातळ पापुद्रा, मशीनची शिलाई. धाकटा ढिगाशेजारी बसून एकेका बॅगेत हातोडीने पोपट ठोकत होता. सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत होत्या.

"भावोजी, हे काय चाललंय?"

"धंदा चाललाय, वहिनी."

"यांचा हात न लागलेल्या बॅगेवर यांचा पोपट?"

"पोपट दुकानाचा आहे."

"मग हत्यारं तरी द्या."

"तुम्हाला कशाला? ती काय लोकरीची सुई आहे? तुम्ही आपल्या उशांच्या अभ्र्यांना झालर लावा. बोट कापून घेतलंत तर दवाखान्यात मलाच न्यावं लागेल."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. सासूबाई हसल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. वहिनींनी ते हसणं लक्षात ठेवलं आणि ते न बोलणंही.

"ठसा मी तुझ्याच हातून घेईन," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या. आयुष्यभर त्या दिराला 'तुम्ही' म्हणत आल्या होत्या. त्या दिवसापासून 'तू'.

गावाबाहेर घोड्यांचे तबेले होते. तिथे एक म्हातारा खोगिरं आणि लगाम दुरुस्त करायचा. वहिनी सरळ त्याच्यासमोर जाऊन बसल्या.

"बाबा, मला चामड्याचं काम शिकवा."

"कशासाठी? पोटासाठी?"

"पोटापुरतं आहे. दिराचं नाक कापायचंय."

म्हातारा खूश झाला. "मग ठीक. पोटासाठी शिकणारे अर्ध्यावर सोडतात. राग लवकर सुटत नाही."

त्याने त्यांच्या हातात रापी दिली. रापी म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी. पण कापायला काही दिलं नाही, दिला तो दगड. धार लावत बसा. वहिनी चिडल्या. त्यांना पहिल्याच दिवशी बॅग करायची होती.

"बोथट रापीने चामडं कापत नाही, बोट कापतं," म्हातारा म्हणाला. "जोर करावा लागतो, जोर केला की ती घसरते. दिराचं नाक राहील बाजूला."

धार जमली तशी चामड्याची कात्रणं मिळाली. पाठीवरचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं ताणतं, हे वहिनींना बॅगेच्या एका पट्ट्याने शिकवलं. त्यांनी तो मोठ्या हौसेने पोटाच्या तुकड्यातून कापला आणि चार दिवस खांद्याला लावल्यावर तो गुडघ्यापर्यंत आला. पुढे टाका आला. आधी टोकदार आरीने भोक पाडायचं, मग मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून काढायच्या आणि दोन्ही हातांनी ओढायचं. असा एखादा टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. मशीनच्या शिलाईचा एक टाका सुटला की रांगच उसवते. काम दोन गुडघ्यांत धरलेल्या लाकडी चिमट्यात असतं, म्हणून चुकलं तर आरी मांडीत जाते. ती गेली. दोरा ओढून करंगळ्यांना चिरा पडल्या. वहिनी प्रत्येक टाक्याला दिराच्या नावाने काहीतरी पुटपुटत. म्हातारा म्हणे, "जरा हळू बोल, घोडी बिथरतात."

पण म्हाताऱ्याचा टाका खोगिराचा, जाड. वहिनींना नवऱ्याचा टाका हवा होता. घरात त्याने केलेली एक बॅग होती, ज्यात त्या भाजी आणत. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि सबंध उसवली. भोक कसं पाडलंय ते पाहायचं, दोरा काढायचा, त्याच भोकातून पुन्हा शिवायचं. शिवून झाली की पुन्हा उसवायची. नवऱ्याने ठेवलेलं दुसरं काही त्यांनी इतक्या वेळा हातात घेतलं नसेल.

नवरा डावखुरा होता. सगळ्यांचे टाके एका बाजूला कलतात, त्याचे दुसऱ्या बाजूला कलत. वहिनी उजव्या हाताच्या, पण शिकल्या त्याच भोकांवरून. त्यामुळे आरी उलटी धरायची सवय लागली आणि त्यांचेही टाके उलटे कलू लागले. म्हाताऱ्याने हे पाहून कपाळाला हात लावला. "हे वळण आता जायचं नाही."

"जाऊ द्यायचंच नाहीये," वहिनी म्हणाल्या.

शिकून झाल्यावर त्यांनी पोपटवाल्यांच्या बरोबर समोर, शिंपीणबाईंच्या ओट्यावर टेबल मांडलं. पाटी लावली नाही. टेबलावर रापी, आरी, ठोकायची लाकडी मोगरी आणि मेणाचा गोळा. समोरून घेतलेल्या बॅगा पावसाळा काढत नसत. लोक तिकडे तक्रार करत, धाकटा "बघतो" म्हणे, आणि लोक रस्ता ओलांडून इकडे येत. वहिनी बॅग उघडून भर ओट्यावर आतला पुठ्ठा ओढून काढत आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "बघा, खोकं निघालं! बॅग कुठे गेली?"

धाकटा दारात येऊन ओरडे, "वहिनी, घरची अब्रू चव्हाट्यावर आणताय!"

"अब्रू तू काचेत लावलीस, दिवा सोडून. मी नुसती दाखवतेय."

ही चकमक बघायला शिंपीणबाईंकडे उगाचच बटणं लावून घ्यायला येणारी माणसं वाढली. पण ठसा मिळेना. पलीकडून ठोकाठोकीचा आवाज रोज येत होता, आणि तो आवाज आला की वहिनींच्या हातातली आरी थांबे.

मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका हे जुनं गिऱ्हाईक. त्यांना थोरल्याच्या हातची होती तशीच बॅग हवी होती. वहिनींनी ती केली. चामडं पाठीचं, कडा मेण लावून कापडाने घासून काचेसारख्या केलेल्या. झाकणाच्या आतला कोपरा मात्र कोरा.

बाई म्हणाल्या, "कुलूप राहिलंय."

वहिनींनी समोर बोट दाखवलं. "तिथे बसवून मिळेल. फक्त कुणी केली ते सांगू नका. विचारलंच तर एवढंच म्हणा, ओळखा."

धाकट्याने बॅग हातात घेतली आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग आईला हाक मारली. "आई, हे बघ! दादाचा हात!" त्याने ती काचेशी नेऊन उजेडात धरली. दुकानात चार माणसं होती, त्यांनाही दाखवली. "उलटा कल बघा. हा टाका सबंध गावात दुसऱ्या कुणाला जमायचा नाही. डोळे बांधून द्या, मी ओळखीन. बाई, ही तुमच्याकडे कशी?"

"ओळखा."

"त्याने जाण्याआधी केली असणार. घाईत ठसा मारायचा राहिला. थांबा." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने ठसा आणला, कोपऱ्यावर धरला आणि हातोडी मारली. पोपट स्वच्छ उमटला.

वहिनी तेव्हा रस्ता ओलांडत होत्या.

"भावोजी," त्या म्हणाल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "टाका कसा वाटला?"

धाकट्याला कळायला वेळ लागला. त्याने वहिनींच्या हातांकडे पाहिलं. करंगळ्यांवर दोऱ्याचे काळे वण होते.

"खोटं."

वहिनींनी तिथलीच एक पट्टी उचलली, खुर्ची ओढली, काच सरकवून मखमलीवरची नवऱ्याची आरी काढली आणि सगळ्यांसमोर टाके घातले. उलटे कललेले. मागून कुणीतरी म्हणालं, "पोपटवाल्याचाच पोपट झाला!" आणि मग लोक हसले, पूर्वीच्या दोघांपेक्षा बऱ्याच मोठ्याने. वहिनींनी त्यांना गप्प केलं नाही. पोटभर हसू दिलं.

"आता या दुकानातली दुसरी एक बॅग दाखव, जिला असा टाका आहे. दाखव, आणि ठसा तुझ्याकडे ठेव."

तो मागच्या खोलीत गेला नाही. आणण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"दे तिला," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

"आज आठवलं का बोलायचं?" वहिनी वळून म्हणाल्या. सासूबाईंनी मान खाली घातली, आणि ठसा धाकट्याच्या हातून वहिनींच्या हातात आला. हत्यारंही आली. मखमल त्यांनी तिथेच ठेवली.

मुख्याध्यापिकांच्या बॅगेतला पोपट वहिनी कापून काढणार होत्या, कारण ती बॅगही नवऱ्याने केलेली नव्हती. नियम म्हणजे नियम. बाईंनी बॅग छातीशी धरली. "अजिबात नाही. मला जन्मभर सांगायला गोष्ट झाली."

आम्हाला वाटलं, आता मिटलं. ठसा वहिनींनी रुमालात बांधून कपाटात ठेवला आणि स्वतःच्या कामावर कधी मारला नाही. पण गावात घरोघर धाकट्याने ठोकलेले पोपट होते आणि ते वहिनींना झोपू देत नव्हते. त्यांनी जाहीर केलं, पोपटाची बॅग आणा, फुकट दुरुस्त करीन, पण पोपट कापून घेईन. लोक आणू लागले. वहिनी रापीने तो गोल अलगद काढत, मागून ठिगळ लावत आणि गोल पत्र्याच्या डब्यात टाकत. टाकताना समोर बघत. समोर आता छत्र्या आणि पत्र्याच्या पेट्या विकायला होत्या.

एकदा धाकटा ओट्याशी आला. "वहिनी, आता तरी पुरे करा."

"डबा भरू दे."

"आणि भरला की?"

"दुसरा आणीन."

मग ती चूक झाली. टपालवाल्याची सून सासऱ्याची जुनी बॅग घेऊन आली. वहिनी तिला दिराचेच प्रताप रंगवून सांगत होत्या, बोलता बोलता झाकण उघडलं, रापी फिरवली, गोल निघाला. डब्यात टाकण्यापूर्वी बॅग उलटली आणि त्यांचं बोलणं तुटलं. टाके उलटे कललेले होते. दोरा जुना, त्यांच्या हातचा नव्हे.

"काय झालं, वहिनी?"

"हात चुकला."

त्यांनी तो गोल परत जागेवर बसवून शिवला. पण चामडं एकदा कापलं की कड उरत नाही. पोपटाच्या भोवती टाक्यांचं कडं दिसायचं ते दिसलंच, आणि चोचीचं टोक गेलं. सून म्हणाली, असू दे. वहिनी बॅग उचलून तडक समोर गेल्या आणि दिराच्या पुढ्यात उघडून ठेवली.

"खरा होता. कापला."

धाकट्याने बॅग जवळ ओढली. कापलेल्या चोचीवर त्याने बोट ठेवलं. "दादाचा," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण रापी तुमच्या हातात होती, वहिनी."

"होती. तू गावभर खोटे पेरले नसतेस, तर खरा कुठला ते बघायला मला थांबावं लागलं असतं? हाही तुझ्याच माथी."

भांडण होईल म्हणून आम्ही जमलो होतो. धाकटा भांडला नाही.

"किती राहिले असतील अजून?" त्याने विचारलं.

"विकलेस तू. मला काय विचारतोस?"

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान आईवर सोपवलं आणि तो दारोदार फिरू लागला. माझ्या दारातही आला. स्वतःच्या तोंडाने सांगत होता, "माझ्याकडून घेतलेली बॅग द्या. आतला पोपट खोटा आहे. काढून, नीट करून परत आणून देतो." कुणी देत, कुणी चार गोष्टी ऐकवून देत. त्या तो खाली मान घालून ऐकून घेई. संध्याकाळी खांद्यावर पाच-सहा बॅगा लटकवून तो ओट्याशी उभा राही. शिंपीणबाई त्याला बसायला स्टूल देऊ लागल्या, तर वहिनी म्हणाल्या, "उभा राहू दे."

त्या एकेक बॅग घेत, आधी उलटून टाके बघत, मग कापत. त्याच्याकडे वर पाहतसुद्धा नसत.

"झाल्या एवढ्याच," तो म्हणे.

"उद्या पुलापलीकडे जा," वहिनी म्हणत. "तिकडेही विकल्यास."