दोन झाडांमधली वाट

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात दहावीच्या वर्गावर होतो. फोन सुनंदावहिनींचा. "भावजी, संपलं," एवढंच त्या बोलल्या. मिरजेच्या दवाखान्यात नऊ दिवस काढून माझ्या बालमित्रानं डोळे मिटले. आज दीड महिना झाला. त्याच्यावर लिहा, असं चौघांनी सांगितलं. पण जे लिहायला हवं ते त्या चौघांना ठाऊक नाही...

आम्ही दोघं कवठे महांकाळचे, एका बाकावरचे. तो फौजेत गेला, मी मास्तर झालो. गुडघा अधू होऊन तो परतला आणि डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. त्यानं थेट डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल आणली, हट्टानं मलाही घ्यायला लावली. सुट्टीच्या दिवशी मी गावी यायचो आणि आम्ही दंडोबाच्या डोंगरावर जायचो. तिथल्या दाट झाडीत विलास पुढं, मी मागं, असंच कायम असायचं. गेल्या वर्षी त्यानं चांगलं पावणेदोन हात रुंद हँडल बसवून घेतलं. उतारावर सायकल हातात राहते म्हणायचा. "हात पसरलं की छाती मोकळी हुती गड्या." माझं हँडल मात्र जुनंच, अरुंद. झाडं जवळ आली की तो उतरायचा, हँडल आडवं धरून अंतर बघायचा आणि मगच निघायचा. मला त्याचं हसू यायचं.

त्या रविवारी तो म्हणाला, आज तू पुढं हो. उतारावर दोन निलगिऱ्यांमधून मी सहज निघालो. मागून त्यानं विचारलं, "जातंय का रं?"

"जातंय, ये," मी म्हणालो. माझ्या हँडलाच्या मापानं म्हणालो...

तो उतरला नाही. माझ्यावर विश्वास ठेवून तसाच आला. हँडलाचं उजवं टोक खोडाला अडकलं, सायकल जागीच फिरली आणि तो डोक्यावर पडला. हेल्मेट दुभंगलं होतं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी थोडा शुद्धीवर आला, तेव्हा आपलाच अंदाज चुकल्याचं तो सगळ्यांना सांगत राहिला. मी पायाशी उभा होतो. गप्प.

परवा धीर करून वहिनींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही.

"मला ठावं हाय. त्यांनी मला एकटीला सांगितलं हुतं. तुमी कवा बोलताय, त्येच मी बघत हुते."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांच्या घराच्या बोळात ती सायकल अजून उभी आहे. हँडलानं निम्मा बोळ अडवलाय, तरी वहिनी कुणाला हलवू देत नाहीत. येणारा-जाणारा खांदा वळवून तिच्या कडेनं जातो. मीही तसाच, अंग चोरून बाहेर पडलो.