जाळ्याचा वाटा

आमच्या आचऱ्याला रापण, म्हणजे अनेकांची जाळी जोडून केलेलं लांब जाळं, किनाऱ्याला ओढली की किनाऱ्यावरच मासळीचे वाटे पडत. ओढणाऱ्या माणसाला एक वाटा, आणि ज्याचं जाळं रापणीत जोडलेलं असेल त्याच्या जाळ्यालाही तेवढाच. बाबा वारले आणि आमच्या घरी ओढणारं कुणी उरलं नाही. जाळं होतं. त्या जाळ्याच्या वाट्यावर आई मला शिकवत होती.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. आठवी संपताना गणिताचे सर म्हणाले, "मुलींनो, सोपं अंकगणित घ्या. बीजगणित तुम्हाला झेपायचं नाही." माझं डोकंच फिरलं. मला गणिताची मास्तरीण व्हायचं होतं! "मला झेपेल," मी उभी राहून म्हटलं.

"मग ये फळ्यावर. चुकलीस तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

सर घाटावरचे, पण गणित घातलं रापणीचंच. तीन माणसं नि दोन जाळी मिळून वीस टोपल्या, दोन माणसं नि एक जाळं मिळून तेरा. माणसाला किती, जाळ्याला किती?

हात्तिच्या! वाटे पाच, टोपल्या वीस. "दोघांना चार-चार," मी ठोकून दिलं.

"ताळा कर."

दुसऱ्या ओळीत बारा आले. वर्ग खो खो हसला. "बस खाली," सर म्हणाले.

"नाही बसणार. आमच्याकडे माणूस नि जाळं सारखंच धरतात."

"इथे फळ्यावर आहे तेवढंच धरायचं. कर पुन्हा."

माणूस क्ष, जाळं य. दुसऱ्या समीकरणाची दुप्पट केली, त्यातून पहिलं वजा केलं. दोन्हीकडची जाळी उडाली, क्ष उरला सहा. म्हणजे जाळ्याला एक. खडू तिथेच अडला. एका टोपलीत आम्ही दोघी खाणार काय? रडूच कोसळलं असतं. पण उत्तर ते उत्तर. य बरोबर एक, दाबून लिहिलं आणि ताळाही करून दाखवला. सरांनी माझ्या नावापुढे बीजगणित लिहिलं.

घरी आईने विचारलं, "गणित बरोबर इला मा? मगे तोंड कित्याक पाडलंस?"

"माणसाक सहा टोपले, आपल्या जाळ्याक एकच."

"खयच्या मेल्यान घातला ह्या गणित!" आई भडकली. मग तिने माझं तोंड पदराने खसाखसा पुसलं. "उद्या शाळेत जातलंस मा?"

"जातलंय," मी म्हटलं.